भिंतीत गंगाजल असलेली सरकारी शाळा : स्टायव्हसंट हायस्कूलचा रिव्ह्यू

सरकारी शाळेचा रिव्ह्यू कोण लिहितं, असं नवरा म्हणाला. हॉटेलचा लिहितेस, व्हॅक्यूम क्लीनरचा लिहितेस, ठीक आहे, पण शाळेचा? मी म्हणलं का नाही, चार वर्षांची सर्व्हिस आहे, आमची लेक रोज वापरतीये, पैसे आपल्याच टॅक्समधून जातायत, आणि आपल्या लोकांचे महिन्याला दोन तरी मेसेज येतात की ताई, स्टायचं कसं काय आहे, मुलाला घालावं का. एकदाच काय ते नीट लिहून टाकते म्हणजे पुढच्या वेळी नुसतं फॉरवर्ड करता येईल.

तर स्टायव्हसंट हायस्कूल, न्यूयॉर्क. मॅनहॅटनच्या खालच्या टोकाला, चेंबर्स स्ट्रीट संपतो तिथे, हडसनच्या काठावर. सगळे नुसतं स्टाय म्हणतात. नववी ते बारावी, साधारण तेहेतीसशे मुलं, दहा मजली बिल्डिंग. फी शून्य. प्रवेश परीक्षेची पण फी नाही. रेटिंग पाचपैकी चार, एक स्टार का कापला ते खाली येईलच, घाईत असाल तर सरळ खाली जा, पण मधलं वाचलंत तर बरं, कारण कापलेल्या स्टारचं कारण मधेच आहे सगळं.

आधी ते 'घालावं का'चं बघू. इथे घालता येत नाही हो, मुलाला स्वतःलाच आत शिरावं लागतं. न्यूयॉर्क शहरात अशा आठ सरकारी शाळा आहेत ज्यांचा प्रवेश फक्त एका परीक्षेवर होतो (नववी एक आहे लाग्वार्डिया, पण ती नाच-गाणं-नाटक-चित्रवाली, तिथे ऑडिशन असते). आठवीत असताना, हिवाळा लागायच्या सुमारास परीक्षा. अर्धी इंग्रजी, अर्धं गणित, आमच्या वेळी ११४ प्रश्न आणि तीन तास होते, कागदावर, आता कॉम्प्युटरवर घ्यायला लागलेत. इंटरव्ह्यू नाही, निबंध नाही, शाळेचे मार्क बघत नाहीत, कुणाची ओळख चालत नाही, वडील काय करतात कुणी विचारत नाही. मुलाने आधी शाळांचा पसंतीक्रम लावायचा, मग सगळ्यात जास्त स्कोअरवाल्यापासून खाली सीट वाटत यायचं, बस्स. पंचवीस-सव्वीस हजार मुलं बसतात, आठ शाळांत मिळून चार हजारांच्या आसपास आत जातात, त्यातली साडेसातशे-आठशे स्टायला. कटऑफ सगळ्यात वर इथलाच असतो, हल्ली ५६० च्या आगेमागे.

आणि हो, मूल न्यूयॉर्क शहराच्या पाच बरोंमध्ये, म्हणजे शहराच्या पाच विभागांपैकी एकात, राहणारं पाहिजे. न्यू जर्सीतल्या एडिसन, जर्सी सिटीवाल्या मंडळींनी मला पुन्हा विचारू नका, नदी ओलांडून चालत नाही, मावशीचा पत्ता देऊन तर अजिबात नाही. इथलं भाडं भरायची तयारी असेल तर या, नाहीतर तिकडच्या शाळा चांगल्याच आहेत की, कशाला जीव टांगणीला.

आमची कहाणी अशी की लेक सहावीत असतानाच ओळखीच्यांकडून ऐकायला लागलो की क्लास लावला का, क्लास लावला का. शेवटी सातवीच्या उन्हाळ्यात क्वीन्समधल्या एका क्लासला नाव घातलं (कुठल्या ते लिहीत नाही, उगाच कटकट नको). चार आकडी डॉलर, सगळे आगाऊ. पहिल्या दोन आठवड्यांत लक्षात आलं की 'तज्ज्ञ शिक्षक' म्हणजे कॉलेजात शिकणारी पोरं आणि 'आमचं खास मटेरियल' म्हणजे शहराच्या शिक्षण खात्याच्या हँडबुकातल्या सराव परीक्षा, ज्या वेबसाइटवर फुकट आहेत, त्याच झेरॉक्स मारून स्पायरल बाइंडिंग करून दिलेल्या. पैसे परत मागायला गेले तर काउंटरवरच्या बाईने पावती उलटी करून दाखवली, मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलेलं, रिफंड नाही. मी तिथे जरा आवाज चढवला, लेक मेल्याहून मेल्यासारखी उभी होती बाजूला. तरी पुढे पाठवत राहिलोच, कारण खरं सांगायचं तर त्या क्लासने एक गोष्ट केली, दर शनिवारी घड्याळ लावून तीन तास हलू न देता बसवलं, जे आमच्याच्याने घरी झालं नसतं. त्या पावतीकडे परत येईन मी.

आता शाळेकडे. पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा मला वाटलं सरकारी म्हणजे रंग उडालेल्या भिंती, लांबच लांब कॉरिडॉर. तर चेंबर्स स्ट्रीटच्या टोकाला वेस्ट स्ट्रीट हा भलामोठा हायवे, त्याच्यावरून एक बंदिस्त पूल, ट्रायबेका ब्रिज, आणि पूल संपतो तो थेट शाळेच्या दुसऱ्या मजल्याच्या दारात. पोरांना हायवे ओलांडायला नको म्हणून. आत एस्केलेटर! शाळेत एस्केलेटर मी आयुष्यात पहिल्यांदा बघितले. स्विमिंग पूल, थिएटर, लॅबा, खिडकीतून नदी. १९९२ ला ही बिल्डिंग झाली, खर्च त्या काळचे १५ कोटी डॉलर. आधीच्या पोरांनी नवीन पोरांना अकराव्या मजल्यावरच्या पूलचा पास विकायचा ही इथली जुनी परंपरा, मजले दहाच आहेत हे ज्याला कळत नाही त्याचे पाच डॉलर गेले. आमच्या हिला कुणी विकला नाही म्हणून ती उलट नाराज होती.

पण मला विचाराल तर बिल्डिंगमधली सगळ्यात भारी गोष्ट एस्केलेटर नाहीच. भिंतींमध्ये ठिकठिकाणी काचेच्या पोकळ विटा बसवल्यात, तळघरापासून दहाव्या मजल्यापर्यंत, एकूण ४००. क्रिस्टिन जोन्स आणि अँड्र्यू गिन्झेल या दोघा कलाकारांचं काम आहे, नाव निमॉनिक्स. प्रत्येक विटेत काहीतरी. चीनच्या भिंतीचा तुकडा, माया पिरॅमिडचा तुकडा, बोधिवृक्षाची पानं, नाईलचं पाणी, जुन्या शाळेच्या बिल्डिंगचे तुकडे, तिथल्या कुणा पोराचं प्रगतिपुस्तक. आणि एका विटेत गंगेचं पाणी. मी सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर त्यांना आधी खरंच वाटेना, मग म्हणाल्या अगं मग दाराशी चप्पल काढून जातात का सगळे. नाही म्हणलं. त्यावर त्या जे गप्प झाल्या ते झाल्याच, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या भिशीत सगळ्यांना माहीत की नातीच्या शाळेत गंगा आहे. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं नोबेलबिबेल कुणाला सांगितलेलं नाही त्यांनी.

काही विटा मुद्दाम रिकाम्या ठेवल्यात. दर वर्षी बाहेर पडणाऱ्या बॅचने एक भरायची, काय ठेवायचं ते त्यांनीच ठरवायचं, २०८० सालापर्यंत पुरतील एवढ्या आहेत. हे ऐकल्यावर मी तिथेच उभी राहून हिशोब केला, तेव्हा आमची सत्तर वर्षांची असेल.

इतिहास थोडक्यात सांगते, म्हणजे थोडक्यात सांगायचा विचार आहे. शाळा १९०४ ची, तेव्हा नुसत्या मुलग्यांची, आणि आज जो विज्ञान-गणिताचा दबदबा आहे तो तेव्हा नव्हता, ही चक्क हाताचं काम शिकवणारी शाळा होती, लाकूडकाम, यंत्रकाम, ड्रॉइंग. गंमत म्हणजे टेक्निकल ड्रॉइंग त्यानंतर कित्येक वर्षं सक्तीचं राहिलं, नोबेलवाल्यांनी पण टी-स्क्वेअर धरलेला असणार. १९०७ ला ईस्ट १५ व्या रस्त्यावर स्वतःची बिल्डिंग मिळाली, पुढची ८५ वर्षं तिथेच. पोरं इतकी यायला लागली की १९१९ पासून शाळा दोन पाळ्यांत भरायची, आणि ते तब्बल १९५७ पर्यंत चाललं! गर्दीला काहीतरी चाळणी लावावी म्हणून १९३४ पासून प्रवेश परीक्षा आली. म्हणजे बघा, हुशारी शोधायला म्हणून नाही, जागा पुरेना म्हणून.

नावाची गोष्ट तर मला फारच आवडते. पीटर स्टायव्हसंट म्हणजे न्यूयॉर्कला न्यू ॲमस्टरडॅम म्हणायचे तेव्हाचा शेवटचा डच गव्हर्नर, १६६४ ला त्याने शहर इंग्रजांच्या हवाली केलं. एक पाय लाकडी. शाळेच्या टीमना त्यावरूनच पेगलेग्ज म्हणायचे, म्हणजे लाकडी पायवाले, कोण आपल्या टीमचं नाव लंगडे ठेवतं सांगा मला! तर या गृहस्थाने १६५४ मध्ये ब्राझीलहून जीव वाचवून आलेल्या २३ ज्यूंना इथे राहू द्यायचं नाही म्हणून हट्ट धरलेला, शेवटी त्याच्या मालकांनी, डच वेस्ट इंडिया कंपनीने, वरून हुकूम पाठवला तेव्हा कुठे मुकाट राहू दिलं. आणि अडीचशे वर्षांनी त्याच्याच नावाची शाळा कुणी गाजवली? लोअर ईस्ट साइडच्या चाळवजा घरांतून आलेल्या ज्यू निर्वासितांच्या पोरांनी. इतिहास कधीकधी असा हिशोब चुकता करतो की लेखकाला सुचणार नाही.

मुलींचं तर अजून मजेदार. १९६९ पर्यंत मुलींना प्रवेशच नव्हता. ॲलिस दी रिव्हेरा नावाच्या तेरा वर्षांच्या पोरीने शिक्षण मंडळाला कोर्टात खेचलं, मला परीक्षेलाच का बसू देत नाही म्हणून. मंडळाने निकाल लागायची वाट न बघता माघार घेतली आणि त्या सप्टेंबरात पहिल्या डझनभर मुली आत आल्या, हजारो मुलग्यांत. ॲलिस मात्र त्यात नव्हती, घरचे गाव सोडून गेले होते. पुढे डॉक्टर झाली ती. शाळेने तिला मानाचा डिप्लोमा दिला तो २०१३ मध्ये, ४४ वर्षांनी. मी लेकीला म्हणलं तू रोज ज्या दारातून जातेस ना ते एका तेरा वर्षांच्या मुलीने उघडलेलं आहे. ती म्हणाली आई मला माहितीये, प्लीज माझ्या मैत्रिणींसमोर असं भाषण देऊ नकोस.

११ सप्टेंबरचं लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वर्ल्ड ट्रेड सेंटर शाळेपासून जेमतेम चार ब्लॉक. २००१ च्या त्या सकाळी तीन हजार मुलं वर्गात बसलेली, खिडक्यांतून सगळं दिसत होतं. सगळ्यांना बाहेर काढून नदीकाठाने उत्तरेला चालत नेलं, आतला एकही विद्यार्थी दगावला नाही. शाळेचे नऊ माजी विद्यार्थी मात्र त्या दिवशी हल्ल्यात गेले. नंतर बिल्डिंग मदतकार्याचा तळ झाली, आणि पोरांना ब्रुकलिन टेक या दुसऱ्या परीक्षावाल्या शाळेत हलवलं, सकाळी टेकची मुलं बसायची, दुपारी स्टायची. ९ ऑक्टोबरला परत आले तेव्हा शेजारच्या धक्क्यावरून ढिगारा बार्जमध्ये भरणं चालूच होतं, त्या धुळीवरून पालकांचं आणि मंडळाचं जे वाजलं ते योग्यच वाजलं. आमची लेक रोज ई ट्रेनने जाते, फॉरेस्ट हिल्सहून पाऊण तास, तिच्या शेवटच्या स्टेशनचं नावच वर्ल्ड ट्रेड सेंटर. तिच्यासाठी ते नुसतं उतरायचं स्टेशन आहे. माझ्या पोटात अजून जरा कालवतं, बाकी काही नाही.

बरं, माजी विद्यार्थी. बहुतेक लोक हेच विचारतात की कोण कोण शिकलंय म्हणे तिथे. तर घ्या. चार नोबेल. जोशुआ लेडरबर्ग, जिवाणूंच्या जनुकांवरचं काम, १९५८ ला मिळालं तेव्हा वय फक्त ३३. रोआल्ड हॉफमन, केमिस्ट्री, १९८१. रॉबर्ट फोगेल, अर्थशास्त्र, १९९३. रिचर्ड ॲक्सेल, आपल्याला वास कसा कळतो त्यावरचं काम, २००४. हा ॲक्सेल शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये होता आणि एका मॅचला समोर कोण, तर लू अल्सिंडर, म्हणजे पुढे करीम अब्दुल जब्बार या नावाने गाजलेला बास्केटबॉलचा महान खेळाडू. निकाल सांगायची गरज नाही, बरं झालं विज्ञानाकडे वळला. गणितात पॉल कोहेन, १९६६ चं फील्ड्स मेडल. ब्रायन ग्रीन आणि लिसा रँडल, दोघंही नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ, दोघंही १९८० च्या एकाच बॅचचे, एकाच वर्गात बसून एकमेकांचा होमवर्क बघत असतील नाहीतर लपवत असतील. एरिक होल्डर, अमेरिकेचा पहिला कृष्णवर्णीय ॲटर्नी जनरल. सिनेमातले जेम्स कॅग्नी, टिम रॉबिन्स, लूसी लू. आपल्यातल्या स्टार्टअपवाल्यांचं दैवत नवल रविकांत, १९९१ ची बॅच. शिक्षकांत फ्रँक मॅकोर्ट, वर्षानुवर्षं इथे इंग्रजी शिकवलं, रिटायर झाल्यावर पहिलं पुस्तक लिहिलं आणि डायरेक्ट पुलित्झर.

ओपन हाउसला ही यादी ऐकताना पालकांचे चेहरे बघण्यासारखे असतात, प्रत्येकाला आपलं कार्टं पाचवा नोबेलवाला दिसत असतं. मलाही दिसलं, खोटं कशाला बोलू. पण घरी येऊन मी एकेकाचं वाचत बसले आणि जरा वेगळंच दिसायला लागलं. हॉफमन बघा. पोलंडमधला (आता तो भाग युक्रेनमध्ये) ज्यू मुलगा, वडिलांना नाझींनी मारलं, हा आईबरोबर दीडेक वर्ष एका शाळेच्या माळ्यावर लपून राहिलेला. शाळेच्याच! १९४९ ला अमेरिकेत आला, अकरा वर्षांचा, इंग्रजी धड येत नसणार, आणि सहा वर्षांनी स्टायमधून बाहेर पडला. पीटर लॅक्स, हंगेरीतून १९४१ च्या अखेरीला आलेला पंधरा वर्षांचा मुलगा, पुढे २००५ चं आबेल पारितोषिक, गणितातलं नोबेलच म्हणतात त्याला. त्याने स्टायमध्ये गणिताचा एकही क्लास घेतला नाही, येतच होतं, फक्त गणिताच्या टीममधून स्पर्धा केल्या. आणि थेलोनियस मंक, जॅझमधला देवमाणूस, तो तर पुरं न करताच निघून गेला.

म्हणजे शाळेने यांना घडवलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शाळेने काय केलं, तर शेजारी त्यांच्याच तोडीची पोरं बसवली आणि एक पैसा मागितला नाही. एवढंच. पण कालपरवा बोटीतून उतरलेल्या पोराला एवढंच मिळणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट आहे हो, ते आपण इमिग्रंट लोकांनी तरी कमी लेखू नये. माझ्या लेखी तीन स्टार इथेच मिळाले.

चौथा स्टार रोजच्या वापराचा. आमच्या हिला रोबोटिक्स टीममध्ये घेतलंय, ६९४ नंबरची टीम, स्टायपल्स. सीझनला घरी येते ती हाताला ग्रीस, केसात लाकडाचा भुसा, डोळे तांबडे, आणि तोंड नुसतं चालू. आधीच्या शाळेत ही गणितात पहिली यायची आणि डबा एकटी खायची. इथे ही साधारण मधली आहे, कधी मधल्याच्याही खाली, आणि ग्रुपमध्ये एक बंगाली, दोन चिनी, एक उझबेक, एक ब्रुकलिनची रशियन अशी चांडाळचौकडी आहे (पाच झाल्या, असू दे). मधल्या असण्याचा तिला पहिले तीन महिने फार त्रास झाला. आता नाही. हे कुठल्याच ब्रोशरमध्ये लिहीत नाहीत, पण हुशार मुलाला आपण एकटेच हुशार नाही हे चौदाव्या वर्षी कळणं याच्यासारखं औषध नाही. शिवाय सिंग नावाचा प्रकार असतो, वर्गावर्गांची नाटकांची चुरस, त्यात लिहिणं, नाच, लाइटिंग, सगळं पोरांचंच, त्या दिवसांत अभ्यास गेला उडत. शाळेचा पेपर स्पेक्टेटर, १९१५ पासून निघतोय, पोरं शाळेवरच झोडून लिहितात आणि शाळा छापू देते, हे मला भारी वाटतं. 'सिनियर बार' ऐकून घाबरू नका, बारावीची पोरं कोंडाळं करून बसतात ती जागा आहे, माझा नवरा दोन दिवस टेन्शनमध्ये होता.

कष्ट आहेत. मुलांमध्ये विनोद फिरतो की मार्क, झोप आणि मित्र यातले कुठलेही दोन निवडा. विनोद म्हणून ऐका पण विनोद म्हणून सोडून देऊ नका. जिथे सगळेच पहिले येणारे एकत्र आणले जातात तिथे चुरस कुठल्या थराला जाते याचं उदाहरण म्हणजे २०१२ चं प्रकरण, राज्याच्या रीजंट्स परीक्षेत मोबाइलवरून उत्तरं पाठवली, साठ-सत्तर पोरं सापडली, पेपरात आलं, बरंच रामायण झालं. ज्यांना कॉपी करायची गरज नाही अशी पोरं. मूल तुमचं नाजूक असेल, मार्क घसरले की जेवण सोडणारं असेल, तर नाव मोठं म्हणून ढकलू नका, शहरात बाकी शाळा आहेत, ब्रुकलिन टेक आहे, ब्राँक्स सायन्स आहे, एकट्या ब्राँक्स सायन्सचे भौतिकशास्त्रातले सात नोबेल आहेत, स्टायपेक्षा जास्त, हे स्टायच्या पालकांना ऐकवलं की चेहरे पडतात.

आता कापलेला स्टार. २०१९ मध्ये स्टायने ८९५ मुलांना प्रवेश दिला, त्यात कृष्णवर्णीय मुलं किती, तर सात. सत्तर नाही, सात. नंतरच्या वर्षांत पण आकडा साधारण तिथेच घुटमळतोय. ज्या शहरात दर पाचातलं एक माणूस कृष्णवर्णीय आहे तिथे. शाळेत आज सत्तर टक्क्यांच्या वर आशियाई मुलं आहेत, त्यात आपण आलो. २०१८ ला तेव्हाचे महापौर डी ब्लासियो यांनी परीक्षाच काढून टाकू म्हणलं (त्यांचा स्वतःचा मुलगा ब्रुकलिन टेकचा, म्हणजे तीच परीक्षा देऊन गेलेला), पण स्टाय, ब्राँक्स सायन्स आणि टेकची परीक्षा १९७१ च्या राज्याच्या कायद्यात लिहिलेली आहे, ती ऑल्बनीतूनच, म्हणजे राज्याच्या राजधानीतूनच, बदलावी लागते, तिथे काही हललं नाही. आपली मंडळी मोर्चे काढायला पुढे होती, पोरांनी रात्र रात्र जागून मिळवलेलं काढून घेताय म्हणून. त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही, टॅक्सी चालवून, डेलीत (सँडविच-किराण्याच्या दुकानात) उभं राहून पोरं इथवर आणणारे कितीतरी आईबाप मी बघितलेत, गरीब घरातली मुलं या शाळेत भरपूर आहेत, 'श्रीमंतांची शाळा' म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळी ई ट्रेनमध्ये येऊन बघावं.

पण मी माझ्याच घरातलं बघते ना. परीक्षा फुकट, शाळा फुकट, आणि अशी एक परीक्षा असते, तिला आठवीत बसायचं असतं, सहावीपासून तयारी लागते, हे मला कुणी सांगितलं? ओळखीच्यांनी. देवळात, भिशीत, वाढदिवसाच्या पार्टीत. आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक मुलगा आहे, आमच्या हिच्याच वयाचा, गणितात हिच्यापेक्षा चलाख, लिफ्टमध्ये उभ्या उभ्या हिची कोडी सोडवायचा. त्याच्या आईला ही परीक्षा असते हे नववीच्या सप्टेंबरात कळलं, आमच्या हिच्या अंगावर शाळेचा हुडी बघून. मला विचारलं तिने, कुठली ही शाळा, कशी मिळते. मी सांगितलं. काय चेहरा करून सांगितलं असेल ते माझं मलाच माहीत. नववीत पण एक संधी असते, थोड्याशाच जागा असतात दहावीसाठी, ते पण सांगितलं, हिची सगळी स्पायरलवाली पुस्तकं नेऊन दिली. एक वर्ष आधी सांगता आलं असतं, रोज लिफ्टमध्ये भेटायचो. सुचलं नाही, की सुचू दिलं नाही, देव जाणे.

हा दोष शाळेचा नाही, शाळा फक्त समोर आलेल्या यादीतली मुलं घेते. पण रिव्ह्यू सर्व्हिसचा आहे आणि दारापर्यंत पोचायची वाट पण सर्व्हिसमध्येच येते, म्हणून कापला.

कालच जेवताना लेकीला विचारलं, तुमच्या २०२८ च्या बॅचची वीट भरायची वेळ येईल तेव्हा काय ठेवायचं गं. ती म्हणाली ट्रेनचं स्टुडंट कार्ड, चार वर्षांत सगळ्यात जास्त तेच वापरून होणार आहे. नवरा ताटातून मान वर न करता म्हणाला, त्यापेक्षा तुझ्या आईची ती क्लासची पावती द्या.

आहे अजून माझ्याकडे. टॅक्सच्या फाइलमध्ये, सगळ्यात मागे.